फुलोऱ्यातली फवारणी

तंद्रीला शाळेच्या शेतकी मंडळाची अध्यक्ष केलं, तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती.

बाहेर तसं काही नव्हतं. मैदानाच्या कुंपणापलीकडे सूर्यफुलाचं शेत होतं, फुलायला अजून अवकाश होता, कळ्या हिरव्या मुठी आवळून उभ्या होत्या. शेतकीच्या बाई काहीतरी विचारत होत्या. सगळा वर्ग आपल्याकडे बघतोय हे लक्षात आल्यावर तिनं घाईघाईनं मान हलवली. मान आडवी हलली की उभी, यावर नंतर बराच वाद झाला. पण तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या.

निवड अडून बसली होती, हे खरं कारण. सायकल दुरुस्तीवाल्याचा मुलगा, ज्याला सगळे भोंगा म्हणत, त्याला निम्मी मुलं अध्यक्ष करायला निघाली होती आणि बाकीची काही झालं तरी भोंगा नको म्हणत होती. शेवटी कुणीतरी म्हणालं, जी कुणाच्या अध्यात ना मध्यात, तिला करा. भोंग्याला सचिव केलं. त्यानं ते मनावर घेतलं नाही असं तो पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरला.

तंद्री हे नाव घरातूनच पडलेलं. दुधावर लक्ष ठेव म्हणून बसवलं की ही दुधाकडेच बघत बसायची, आणि दूध हिच्या डोळ्यांदेखत उतू जायचं. "बघत होते की," असं वर म्हणायची. आईनं कपाळावर हात मारणं कधीच सोडून दिलं होतं.

"घरात पुढारी आला म्हणायचा," दादा त्या संध्याकाळी म्हणाला. तो अंगणात पंप धूत होता. "उद्यापासून पाणी कोण भरणार ते आत्ताच ठरवून घे, आई."

आई हसली. तंद्रीही हसली. दादाच्या बोलण्यात चिमूटभर खार होता, तो दोघींनीही गिळला. दादा याच शाळेत होता, याच मंडळात. वडील दूरच्या रस्त्याच्या कामावर गेले त्या वर्षी त्यानं शाळा सोडली आणि पाठीवर फवारणीचा पंप घेतला. आता तो याच्या-त्याच्या शेतात औषध मारायचा. उजव्या हातात नोझल, डाव्या हातानं दांडा वर-खाली, वर-खाली. त्याचा डावा दंड उजव्यापेक्षा जाड झाला होता आणि दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे काळे वळ कायमचे उमटले होते. त्याचे कपडे आई वेगळ्या टोपात, घराच्या मागच्या बाजूला धुवायची आणि ते पाणी लांब नेऊन ओतायची.

अध्यक्षाला काम काय, हे तंद्रीला नीटसं कळलं नव्हतं. त्यातलं एक मात्र तिला मनापासून आवडलं. शाळेच्या जमिनीच्या शेवटच्या कडेला मंडळानं मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या होत्या, त्यांची देखरेख. शाळा सुटली की ती तिथं जाऊन बसायची. बांधाला पाठ टेकायची आणि डोळे मिटायची. पेट्यांमधून सतत एक घुमारा येई, लांब कुठेतरी कुणी झोपेत गुणगुणतंय तसा. सकाळचा घुमारा वेगळा, उतरत्या उन्हातला वेगळा. थोड्याच दिवसांत तिला डोळे न उघडता कळू लागलं की माश्या निघाल्यात की परततायत. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं तिला वाटलंच नाही.

मग सूर्यफुलं फुलली. कुंपणापलीकडचं शेत गिरणीवाल्या काकांचं. ते एका आठवड्यात असं काही पिवळं झालं की वर्गाच्या पांढऱ्या भिंतींवर त्याचा उजेड पडू लागला. तंद्रीला त्या दिवसांत आपण जागे आहोत की नाही याची खात्री वाटेना. रस्त्यानं चालताना पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत नसत. सगळीकडे ती मोठी, जड, किंचित वाकलेली तोंडं आणि त्यांच्यावर रेंगाळणाऱ्या माश्या, पायांना परागाची पिवळी गाठोडी बांधलेल्या.

आणि त्याच फुलोऱ्यात अळी पडली.

एका सकाळी ती पेट्यांपाशी गेली तर घुमारा नव्हता. म्हणजे होता, पण फाटल्यासारखा. पेट्यांपुढची जमीन हलत होती. तिला आधी वाटलं मुंग्या आहेत. खाली बसून पाहिलं तर माश्या होत्या. काही उलट्या पडून गरगर फिरत होत्या, काहींच्या जिभा बाहेर आल्या होत्या, काही पंख ओढत पेटीच्या दारापर्यंत सरपटत जात होत्या आणि दारातल्या माश्या त्यांना आत घेत नव्हत्या. तंद्रीनं एक माशी तळहातावर उचलली. ती तिच्या रेषांवर थोडी चालली आणि थांबली.

मागून भोंगा आला, त्याच्यामागे बाकीचे. 

"गिरणीवाल्यांच्या शेतात पहाटे फवारणी झाली," भोंगा म्हणाला. "मी येताना वास आला." मग तो थांबला, आणि तो थांबला हेच सगळ्यांना जास्त ऐकू आलं. गावात फवारणी कोण करतं हे सांगायला लागत नव्हतं.

"अध्यक्ष," एक मुलगी म्हणाली, "आता काय करायचं?"

तंद्रीच्या हातात अजून ती माशी होती. तिला पहिल्यांदाच कळलं की अध्यक्ष म्हणजे आपण.

घरी दादा अंगणात उघड्या अंगानं बसून डोळ्यांवर पाणी मारत होता. डोळे लाल झाले होते. ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि काही न बोलता तिनं मूठ उघडली.

त्यानं बघितलं. "बरं मग?"

"पेट्यांपुढे सडा पडलाय, दादा."

"मी काय पेट्यांवर मारलं का? काकांनी अळीवर मारायला सांगितलं, मी अळीवर मारलं."

"माश्या फुलांवर असतात तेव्हा नको मारूस ना. त्या घरी गेल्यावर मार."

"घरी गेल्यावर." त्यानं तोंड पुसलं. "माश्या घरी जाणार संध्याकाळी. मग उजेड राहतो किती? पाणी विहिरीवरून आणायचं, ते शेताच्या त्या टोकाला. एक टाकी संपली की जा, भरा, परत या. निम्मा वेळ पाय तोडण्यात जातो. एका शेताला चार-पाच संध्याकाळी घातल्या तर बाकीचे थांबतील माझ्यासाठी? दुसऱ्याला बोलावतील." मग आवाज उतरवून म्हणाला, "अजून निम्मं शेत बाकी आहे. परवा जायचंय. तुमच्या माश्या कोंडून ठेवा हवं तर."

"कोंडल्या तर उकाड्यानं मरतील."

"मग तू अध्यक्ष आहेस," दादा म्हणाला, "तू बघ."

तो आत गेला. आईनं त्याचा सदरा काठीच्या टोकावर उचलला आणि टोपात टाकला. 

दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक झाली. बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. "बैठक तुझी," एवढंच म्हणाल्या. तंद्री फळ्यापुढे उभी राहिली. तिथून वर्ग फार मोठा दिसत होता आणि सगळ्यांचे डोळे एकाच उंचीवर होते.

भोंगा उठला. मंडळानं मुख्याध्यापकांकडे तक्रार करावी, त्यांनी पंचायतीकडे करावी, आणि फवारणी करणाऱ्यावर बंदी आणावी, असं त्याचं म्हणणं. तो छान बोलला. त्याचा आवाज भरून आला होता, आणि ते खोटं नव्हतं. पेट्यांवरची छपरं त्यानं स्वतः सायकलच्या जुन्या पत्र्यांतून केली होती.

"करणारा कोण ते आधी बोलू या," तंद्री म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की मागून कुणीतरी 'ऐकू येत नाही' म्हणालं. तिला पुन्हा म्हणावं लागलं. "फवारणी माझा दादा करतो. सगळ्यांना माहीत आहे. मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही."

तिचे कान तापले. कुणीतरी बाकावर नखानं ओरखडत होतं.

"त्याला बंदी केली तर काका दुसऱ्याला बोलावतील," ती म्हणाली. "माश्यांना काय, कुणी मारलं ते कळणार आहे का?"

भोंगा खाली बसला. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "मग काकांकडे जाऊ."

गिरणीत सगळं पांढरं होतं. काकांच्या भुवया पांढऱ्या, पट्टा पांढरा, खिडकीतून आलेलं ऊनसुद्धा पिठात मळल्यासारखं. काकांनी मुलांना बरंच ताटकळत ठेवलं. दळणं आणणाऱ्या बायका त्यांच्याकडे बघून हसल्या. मग काकांनी गिरणी थांबवली नाहीच, गिरणीवरूनच ओरडून विचारलं, "काय, वर्गणी का?"

भोंग्यानं सांगायला सुरुवात केली. अर्धं गिरणीनं खाल्लं. काकांना जेवढं कळायचं तेवढं कळलं.

"असं बघा," ते म्हणाले. "फुलं माझी. अळी माझी. माश्या तुमच्या. तुमच्या माश्या रोज माझ्या फुलांवर येऊन जेवतात, मी कधी खानावळीचं बिल पाठवलं?"

बायका खळखळून हसल्या. भोंग्याचा चेहरा पडला. आता अध्यक्ष काहीतरी बोलेल म्हणून सगळे तिच्याकडे वळले, तर अध्यक्ष उन्हाच्या पट्ट्यात तरंगणाऱ्या पिठाकडे बघत होती. पीठ खाली बसत नव्हतं. कण न् कण आपापल्या वाटेनं फिरत होता. भोंग्यानं तिला कोपरानं ढोसलं.

"काका," ती म्हणाली, "काम तेवढंच झालं, पण संध्याकाळी झालं, तर चालेल?"

"अं?"

ती जात्याजवळ गेली आणि पुन्हा विचारलं.

"काम तेवढंच झालं तर मला काय," काका म्हणाले, "चंद्र उगवल्यावर करा. पण उद्यापासून दोन संध्याकाळींत उरलेलं शेत व्हायला हवं. अळी तुमच्या बैठकीसाठी थांबत नाही. आणि तुझा भाऊ काय चार हातांचा आहे, दोन संध्याकाळींत करायला?"

परतताना भोंगा म्हणाला, "झालं. तोंडाला पानं पुसली." तंद्रीचं लक्ष नव्हतं. ती विहिरीपासून शेताच्या टोकापर्यंतची वाट डोळ्यांसमोर आणत होती. त्या वाटेवर दादा रिकामा पंप घेऊन जात होता आणि भरलेला घेऊन येत होता, जात होता आणि येत होता. त्या वाटेवर दादा नसला तर? तिनं भोंग्याला विचारलं, "आपल्यापैकी पाणी उचलायला किती जण येतील?"

घरी तिनं दादाला हे सांगितलं, तेव्हा तो जेवत होता. त्याचा हात ताटात थांबला.

"म्हणजे शाळेची पोरं डोक्यावर पाणी घेऊन माझ्यामागनं फिरणार? माझी वरात काढायची आहे का?"

"फक्त बांधापर्यंत आणून देतील."

"ज्या वर्गातनं मी उठलो त्या वर्गातली पोरं." तो ताटाकडे बघून बोलत होता. "नको. मला कुणाची मदत नको. उद्या पहाटे जातो आणि उरकून टाकतो."

आई भांडं पुसत होती. "मागच्या वेळी फवारून आलास तेव्हा भिंत धरून उभा होतास," ती म्हणाली. "मी बघितलं होतं. ऊन तापलं की ते औषध डोक्यात चढतं." एवढं बोलून तिनं भांडं फळीवर ठेवलं.

दादानं हात धुतला आणि बाहेर गेला.

पहाटे तंद्रीला जाग आली तेव्हा भिंतीवरचा पंप नव्हता. ती तशीच उठून पळाली. रस्त्यावर दव होतं, चप्पल घालायची राहिली होती. शेत दिसलं तेव्हा सूर्य नुकता वर येत होता आणि सगळी फुलं एकाच बाजूला तोंड करून उभी होती, हजारो, जणू काही सांगितलं जाणार आहे आणि ती ऐकायला जमली आहेत. दादा बांधावर बसला होता. पंप पाठीवर होता, भरलेला. औषधाची बाटली शेजारी गवतात उभी होती, तिचं बूच तसंच होतं.

ती धापा टाकत त्याच्याजवळ येऊन बसली. तो वळला नाही. शाळेच्या बाजूनं माश्या येऊ लागल्या होत्या, एकेक, मग धाग्यासारख्या, उन्हात चमकून पुन्हा नाहीशा होणाऱ्या. त्याच्या गुडघ्यावर एक बसली, पाय पुसले आणि गेली.

बराच वेळ ती दोघं नुसती बघत राहिली. तंद्रीला वाटलं आपण अजून उठलोच नाही, अंथरुणातच आहोत.

"शाळेत असताना मी बघायचो," दादा म्हणाला. "पंप पाठीवर घेतल्यापासून पानं तेवढी दिसतात. वर बघायचं असतं हेच विसरलो." मग खांद्यावरची पट्टी सरकवून म्हणाला, "औषधाला तुमच्यातल्या कुणी बोट जरी लावलं तर पंप टाकून निघून जाईन. मिसळायचं मी. तुम्ही पाणी आणायचं, बांधाच्या अलीकडे ठेवायचं आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहायचं. कबूल?"

"कबूल."

"आणि घागरी नकोत. घागर हिंदकळते. झाकणाचे डबे आणा."

त्यानं टाकीतलं पाणी बांधावर ओतून दिलं. मातीनं ते पिऊन टाकलं.

संध्याकाळी मंडळ जमलं. सगळे नाही आले. काहींना घरून सोडलं नाही, काहींना औषधाची भीती वाटली. जे आले त्यांच्याकडे तेलाचे डबे होते, रंगाचे डबे होते, एकीनं दुधाची किटली आणली होती. भोंग्यानं सायकलच्या दोन्ही बाजूंना डबे टांगले होते. बाई विहिरीच्या काठावर उभ्या राहिल्या, कुणी वाकून बघू नये म्हणून. पहिल्यांदा सगळे एकदमच पळाले, एकमेकांना धडकले, निम्मं पाणी वाटेतच सांडलं. तंद्री थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पळू नका. आपापल्या जागी उभे राहा. डबा पुढच्याला द्या." विहिरीपासून बांधापर्यंत रांग लागली. डबे हातोहात सरकू लागले आणि बांधाअलीकडे पाण्याची ओळ तयार झाली.

दादा पंप बांधून तयार होता. तोंडाला फडकं गुंडाळलं होतं. गिरणीवाले काकाही आले होते, अंगावर पीठ तसंच.

"चला की," काका म्हणाले. "पाणी आलं, माणूस आला."

तंद्री कुंपणापाशी, पेट्यांजवळ जाऊन उभी राहिली. तिनं डोळे मिटले. "अजून नाही," ती म्हणाली.

ऊन फुलांच्या शेंड्यांवर आलं. रांगेतली मुलं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती.

"उजेड चाललाय," दादा म्हणाला.

"अजून नाही."

"अगं, गेल्या सगळ्या," भोंगा म्हणाला. "एक दिसत नाहीये."

तिनं मान हलवली, या वेळी अगदी स्पष्ट आडवी. शेतात एक दिसत नव्हती हे खरं. पण पेट्यांचा आवाज अजून मोकळा होता, दारावर येणाऱ्यांची वर्दळ होती, लांबून दमून आलेल्या फळीवर धपकन उतरत होत्या. काका काहीतरी पुटपुटले. सगळ्यांच्या नजरा तिला पाठीवर टोचत होत्या. एरवी ती कुणी नुसतं 'अगं' म्हटलं तरी गडबडून जायची. आता तिच्या आत काहीच हललं नाही. ती त्या घुमाऱ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहावं तशी उभी होती. हळूहळू तो खाली बसत गेला, जाड झाला, एकजीव झाला.

"आता," ती म्हणाली.

दांड्याचा आवाज सुरू झाला. दादा फुलांच्या ओळीत शिरला आणि त्याचं नुसतं डोकं पिवळ्यातून पुढे सरकताना दिसू लागलं. टाकी संपली की तो शीळ घाली, बांधावर येई, पाणी ओतून घेई, औषध मिसळी, पुन्हा आत. एकदाही त्याला विहिरीपर्यंत जावं लागलं नाही. आकाश जांभळं झालं. नुसते डबे फिरत होते, कड्यांचा किणकिणाट तेवढा. तंद्रीला नंतर त्या संध्याकाळचं फारसं सलग आठवलं नाही. हाताला टोचणारी कडी आठवली, आणि फुलांचे काळे पडत गेलेले चेहरे.

मग वारा सुटला आणि दादानं हात वर केला. वाऱ्यात फवारा उडतो, बास. पण ठरलेल्यापेक्षा जास्तच शेत झालं होतं. उरलेलं दुसऱ्या संध्याकाळी झालं, आणि तेव्हा आदल्या दिवशी न आलेली मुलंही डबे घेऊन आली. गिरणीवाले काका जाताना म्हणाले, "खानावळ चालूच राहील." पुढच्या आठवड्यात आणखी दोघा शेतकऱ्यांनी दादाला निरोप पाठवला की आमच्याकडेही संध्याकाळी ये, आणि ती पाणीवाली पोरं आण.

एक पेटी मात्र वाचली नाही. पहिल्या फवारणीत तिच्या इतक्या माश्या गेल्या होत्या की उरलेल्यांना घर सावरता आलं नाही. रोज थोड्या थोड्या कमी होत गेल्या, आणि एका सकाळी तंद्रीनं कान लावला तर आत फक्त लाकूड होतं. भोंग्यानं ती पेटी पोटाशी धरून विहिरीवर नेली, घासली, उन्हात ठेवली. 

बाई म्हणाल्या, मोठ्या पेटीतल्या माश्या आता भरपूर आहेत. तिच्या दोन करता येतील. पोळ्याच्या काही फळ्या, अंडी-पिल्लांसकट, या रिकाम्या पेटीत घालायच्या. राणी मात्र जुन्याच पेटीत राहू द्यायची, नव्या पेटीतल्या माश्या आपली राणी स्वतः घडवतात. पण त्यांनी स्वतः ते कधी केलं नव्हतं. मंडळात पूर्वी केलं होतं तेव्हाचे विद्यार्थी पांगले होते.

"दादानं केलंय," तंद्री म्हणाली.

त्याला शाळेच्या फाटकातून आत आणणं सोपं गेलं नाही. तो धुतलेला सदरा घालून आला आणि फाटकाबाहेरच घुटमळला, कुणाला तरी भेटायला आलेल्या परक्या माणसासारखा. भोंगाच पुढे गेला. "मोठी पेटी उघडायला माणूस नाही," तो म्हणाला, "आम्ही सगळे घाबरतो." हे त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितलं की दादाला हसू आलं.

पेट्यांजवळ जाण्याआधी दादा नळावर थांबला. त्यानं साबण लावून हात धुतले. मग मातीनं घासले, पुन्हा साबण लावला. नखं दगडावर घासली. नखांच्या कडा तरी पिवळ्याच राहिल्या. मुलं लांब उभी होती. त्यानं तंद्रीला जवळ बोलावलं आणि दोन्ही हात तिच्या नाकापुढे धरले.

"बघ," तो हळूच म्हणाला. "येतो का वास?"

तिनं त्याचे हात धरून वास घेतला. साबणाचा होता, ओल्या मातीचा होता. त्याखाली, कातडीच्या आतून, तो होताच.

दादा तिच्या तोंडाकडे बघत होता. मागून सगळं मंडळ बघत होतं.

"येतो," ती म्हणाली.

त्यानं हात मागे घेतले. क्षणभर तो नळाकडे बघत राहिला, पुन्हा धुवावेत की काय अशा विचारात. मग हात सदऱ्याला पुसले. "मग मी कशाला आलो," तो म्हणाला.

"सांगायला," तंद्री म्हणाली. "तू धूर धर. फळ्या मी उचलते. तू सांगशील तसं."

ती पेटीपुढे गुडघे टेकून बसली. दादानं माश्या शांत करायला धुराचं डबडं पेटवलं, तो तिच्या खांद्यामागे उभा राहिला आणि निळसर धूर हलकेच पेटीच्या तोंडावर सोडू लागला. तिनं झाकण काढलं. आतून ऊब आली, मेणाची, मधाची, आणि तो घुमारा आता कानाशी नव्हता, हातातच होता.

"घाई करू नकोस," दादा मागून म्हणाला. "फळी सरळ वर घे. राणी नाही ना तिच्यावर, ते बघ."

ती बघत राहिली. फळीवर माश्या एकमेकींवरून चालत होत्या, दाट, सोनेरी, थांबत नव्हत्या. मागे मुलं श्वास रोखून उभी होती. माश्या तिच्या बोटांवर चढल्या, मनगटावर आल्या, आणि तिनं फळी तशीच, न हलवता, उजेडात धरली.

"नाही," ती म्हणाली. "ही घेऊ या."